विमलाकाकीनं वर्गणी परत केली

सावर्ड्याहून वर चढणारा रस्ता जिथं पहिला दम टाकतो, तिथं सत्तावीस घरांची एक वाडी आहे. वाडीच्या टोकाला दोन खोल्यांची शाळा. शाळेत पटावर तेवीस पोरं, एक गुरुजी आणि पोरांची खिचडी रांधणारी विमला रामा गोरिवले, म्हणजे सगळ्यांची विमलाकाकी.

काकीच्या हाताची गोष्ट काय सांगावी! एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. आल्या आल्या त्यांनी चव बघायला म्हणून ताटली घेतली. चव बघता बघता तीन ताटल्या झाल्या. मग साहेब व्हरांड्यातल्या खुर्चीत असे काही रेलले की तपासणी राहिली बाजूला, गुरुजींनी पोरांना पाढे हळू म्हणायला लावले. अकरा वर्षांत काकीचा भात एकदाही करपला नाही. महिन्याला मानधन अडीच हजार. अडीच हजारात काय होतं, असं विचारणाऱ्यानं एकट्या बाईचं घर बघावं. चौदा काजूची झाडं, एक गाय, पाच कोंबड्या, आणि हे मानधन. होत होतं.

नवरा रामा मुंबईत एका कँटीनला होता. वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. सात वर्षांपूर्वी कँटीनमध्येच छातीत कळ आली, आणि तो यायचा थांबला. मूलबाळ नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की काकी दिवसभराचं सगळं कोंबड्यांना सांगायची. कोंबड्या ऐकून घेतात आणि दुसरीकडे सांगत नाहीत, एवढा त्यांचा गुण.

तर झालं असं, की भाताची लावणी चालू असताना काकीला अंघोळीच्या वेळी छातीला डाव्या बाजूला काजूच्या बीएवढी गाठ लागली. लावणी होऊ दे, म्हणाली. लावणी झाली. गणपती होऊ देत. गणपती गेले. मग चिपळूणच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि चिठ्ठी लिहिली मुंबईची.

ऑपरेशन सरकारी कार्डावर झालं, पैसा पडला नाही. पण कार्डात आजार बसतो, माणसाचं जाणंयेणं बसत नाही. बाहेरच्या तपासण्या, राहणं, खाणं, वरची औषधं, हे सगळं बाईच्या पदरात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, तेवढा आधार. गाय गेली, मग पाटल्या गेल्या. इस्पितळात खिडकीवर विचारायचे, "सोबत कोण?" काकी सांगायची, "बाहेर बसलेत." बाहेर बाकावर तिची पिशवी बसलेली असायची.

वाडीत तिनं कुणाला काही सांगितलं नाही. कारण एकच, शाळेची चूल. कॅन्सर म्हटल्यावर आपल्या हातचं पोरांना कोण खाऊ देईल? म्हणून तिनं आजारालासुद्धा शाळेचं वेळापत्रक लावलं. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत. दर तीन आठवड्यांनी केमो, तर शुक्रवारी रातराणीनं जायचं, सोमवारी सकाळी उतरून थेट चुलीपाशी. ओकारी आली तर शाळेमागच्या आंब्याखाली जाऊन यायची, तोंड धुवायची, फोडणी द्यायची. आता उरले होते पाच आठवड्यांचे शेक, यंत्राखाली झोपवून देतात ते. तेही तिनं डॉक्टरांना सांगून मे महिन्यात बसवून घेतले. डाव्या हातानं जड उचलायचं नाही म्हणून सांगितलेलं, तर टोप उतरवायला गुरुजींना हाक मारायची. गुरुजींना वाटलं, बाईची पाठ धरलीय.

पण केसांना कुठलं वेळापत्रक! दुसऱ्या केमोनंतर मूठ मूठ हातात यायला लागले. काकीनं चार दिवसांची रजा टाकली, आणि डोक्याला पदर घट्ट बांधून परत आली तेव्हा सांगितलं, बालाजीला जाऊन केस दिले. सगळ्यांनी हात जोडले. इथपर्यंत ठीक. पण वाडीत देवाला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात? प्रसाद कुठाय. काकीच्या लक्षातच आलं नव्हतं. "पिशवीत खाली राहिलाय," म्हणाली, आणि रात्री बेसन भाजायला बसली. तळहाताला आधीच औषधानं भेगा पडलेल्या, डब्यात साखरेचा खडखडाट, आणि सत्तावीस घरांचे लाडू. सकाळी प्रत्येक घरात एक पोचला. माणसांनी कपाळाला लावून खाल्ला. येसूबाईनं तर बोटं चाटून सांगितलं, "बालाजीचा लाडू तो बालाजीचाच. आपल्याकडे असा जमायचा नाय."

फेब्रुवारी अर्धा सरला तेव्हा रितेशला कळलं. रितेश म्हणजे रामाच्या भावाचा मुलगा, मुंबईत कुरिअरला आहे. पोरगा मनाचा मऊ. एक दिवस इस्पितळाच्या रांगेत काकी दिसली, आणि त्याला तिथंच रडू आलं. काकीनं त्याच्याकडून वचन घेतलं, वाडीत बोलायचं नाही. त्यानं दिलं. घरी गेला, जेवला, आणि वाडीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर काकीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, आपल्या काकीला मदतीची गरज आहे, आणि त्याखाली पैसे पाठवायचा तो चौकोन. बोललो कुठं, लिहिलंय, असं त्याचं म्हणणं.

मदत आली. खोटं का सांगा, भरभरून आली. मुंबईकरांनी पाठवली, वाडीनं पाठवली. चार दिवसांत सतरा हजार तीनशे; रितेशनं ते सगळे काकीला पाठवले. विहिरीवर बायका म्हणाल्या, "म्हंजे ते लाडू तिनंच वळलेले गो!" कुणी हसलं, कुणी लगेच हात धुतला.

आणि सोमवारी शाळेत डबे आले.

कुणी काही बोललं नाही. वाडीची रीत ती नव्हे. नुसते डबे आले. पहिल्या दिवशी चार. मग सात. आठवड्यात सोळा. पोरं ताटल्या काढायचीच नाहीत, दप्तरातून डबा काढून भिंतीकडे तोंड करून बसायची. काकी तेवीस जणांचं रांधायची आणि सात जणांना वाढायची. राहिलेलं कुत्र्यांना, गुरांना. तेही पोटभर झालं की टोपात थंड भात बसलेला असायचा.

गुरुजी भला माणूस. दोन आठवडे त्यांनी वहीचं पान कोरं ठेवलं. मग म्हणाले, "काकी, किती जेवले ते मला लिहावं लागतं. सातच जेवतात असं लिहिलं की समिती दुसरी बाई बघणार."

"किती दिवस थांबाल?"

"मार्चअखेरपर्यंत थांबतो. पुढं माझ्या हातात नाही."

त्या रात्री कोंबड्यांना काकीनं काही सांगितलं नाही. रितेशला फोन करून पैसे पाठवणाऱ्यांची यादी मागून घेतली. सोळा डबे नऊ घरांतून येत होते. नऊच्या नऊ घरं यादीत होती. येसूबाई सगळ्यात वर. पाचशे रुपये, आणि समोर जोडलेले दोन हात.

रविवारी काकी निघाली. पहिलं घर येसूबाईचंच.

"ये गो विमले. बस. नको, नको, उभीच रव. ओटी आत्ता सारवलीय."

ओटीवर लाद्या होत्या. काकी अंगणात उभी राहिली. नोटा पुढं केल्या.

"पाचशे हायत वैनी. मोजून घ्या."

"हे कसले?"

"तुमचेच. रितेशला पाठवलेले."

"अगो, ते तुला औषधाला दिले. परत द्यायला नाय."

"होय. आणि तुमच्या नातीला, वेदिकाला, डबा दिलात."

येसूबाईनं पदराचं टोक चाळवलं. "पोरीची जात गो. सुनेला भीती वाटते."

"डॉक्टर बोलतात, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाय."

"डॉक्टरचं काय जातंय? त्याच्या पोरांना तू थोडीच रांधून घालतेस."

"नाय घालत. तुमच्या घालते. अकरा वर्षं झाली."

"म्हणून रागानं पैसे आणून देतेस?"

"रागानं नाय. वर्गणी एकदाच निघते, वैनी. मला पुढं पाच वर्षं गोळी घ्यायचीय, रोज एक. पाच वर्षं वाडी वर्गणी काढील काय?"

काकीनं नोटा आणखी पुढं केल्या.

"चूल ऱ्हायली तर गोळी ऱ्हायली. हे पैसे घ्या आणि डबा बंद करा. डबा बंद करायचा नसेल, तरी पैसे घ्या."

"तुझ्यासारखी ताठ बाय मी बघितली नाय," येसूबाई म्हणाली आणि नोटा घेतल्या. दोनदा मोजल्या.

नऊ घरं झाली. दोघांनी दार उघडलं नाही, तिथं काकीनं नोटा कागदात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवल्या आणि वर दगड ठेवला. संध्याकाळपर्यंत वाडीत चर्चा एकच. दिलेली मदत परत करते, केवढी मिजास! पैसे परत घेताना मात्र कुणाचा हात अडखळला नव्हता. काकीच्या हातचे चार हजार सहाशे कमी झाले. तेवढ्या पैशात पाच आठवड्यांचं जेवण निघालं असतं. काजूचं पीक तिनं झाडावर बी पिकायच्या आधीच व्यापाऱ्याला देऊन टाकलं, तो म्हणेल त्या भावात.

डबे एकदम बंद झाले नाहीत. एक कमी झाला, मग तीन. वेदिका एक दिवस आपण होऊन ताटली घेऊन रांगेत बसली; घरून सांगून की न सांगता, ते कुणी विचारलं नाही. मार्चअखेरीस गुरुजींनी वहीत आकडा लिहिला, अठरा. अठरा म्हणजे चालतं.

मे महिन्यात काकी मुंबईला धर्मशाळेत राहिली. रोज सकाळी चालत जायची, यंत्राखाली पडायची, चालत यायची. कातडी भाजल्यासारखी काळी पडली. बाजूच्या खाटेवर लातूरकडची एक बाई होती, तिच्याभोवती दोन लेकी, सून, भाऊ. त्यांच्याकडे रोज नवीन माणूस यायचं. काकीकडे रितेश दोन रविवारी आला. बाकीचे दिवस ती शाळेचा विचार करायची. डॉक्टरांना तिनं तीनदा बजावलं होतं, जूनच्या पंधराच्या आत मला मोकळी करा.

शाळा उघडली तेव्हा चौथीची चार पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली होती, दोन नवी आली होती. काकीच्या डोक्यावर बोटभर केस, पांढरे, उभे. पोरांनी हात लावून बघितले.

पहिल्या दिवशी शाळा जेवणानंतर लगेच सुटली; आया पोरांना न्यायला फाटकाशी जमल्या. पूर्वी काकी ताटल्या धुता धुता त्यांच्या गप्पांत असायची. आता त्या तिथूनच म्हणाल्या, "बरी हायस ना काकी?" काकी म्हणाली, "बरी हाय." त्या गेल्या. काकी टोपाशी एकटीच जेवायला बसली, जेवून तिनं गोळी घेतली.

गुरुजी कोठीची किल्ली घेऊन आले. "उद्याचे किती तांदूळ काढू?"

"पटावर किती?"

"एकवीस. पण आज सोळाच जेवले, काकी."

"एकविसांचे काढा गुरुजी," काकी म्हणाली. "उद्या एखाद्याचा डबा घरी ऱ्हायला, तर पोर काय उपाशी बसवायचं?"