मुफद्दलचं वाळवण

नाव: मुफद्दल वल्द अल्लाल. वय: पस्तीस ते साठच्या दरम्यान. उंची: मध्यम. बांधा: मध्यम. वर्ण: मध्यम. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जुना व्रण. व्यवसाय: मनाई असलेल्या वनस्पतीची लागवड. राहण्याचे ठिकाण: अज्ञात. सद्यस्थिती: फरार, शोध जारी.

हे वर्णन नदीपलीकडच्या पोलीस ठाण्याच्या फळ्यावर तेवीस वर्षं लावलेलं होतं. कागद पिवळा पडला की नवा लावायचे, पण मजकूर तोच उतरवायचे, त्यामुळे फळ्यावरचा मुफद्दल कधी म्हातारा झाला नाही. आमचा झाला. व्रण त्याच्या उजव्या भुवईवर आहे. आणि राहण्याचं अज्ञात ठिकाण म्हणजे तिस्लन गावात मशिदीवरून पुढं गेलं की तिसरं घर, दारात अंजिराचं झाड.

रीफच्या डोंगरात आमच्या पिढीतले निम्मे पुरुष असेच फरार होते. फरार म्हणजे फार काही करावं लागत नसे. नदीवरचा पूल ओलांडायचा नाही, एवढंच. पुलापलीकडे दवाखाना, कचेऱ्या, बाजार आणि ठाणं. अलीकडे आपण आणि किफचं, म्हणजे गांजाचं, पीक. मुफद्दलची दुखरी दाढ नालबंदानं काढली. लेकीचं लग्न पलीकडच्या शहरात झालं, तेव्हा तो पुलाच्या अलीकडे दगडावर बसून वरातीच्या गाड्यांचे भोंगे ऐकत होता. आई दवाखान्यात गेली, तेव्हा जनाजा पूल ओलांडून येईपर्यंत तो त्याच दगडापाशी उभा होता. अलीकडे आल्यावर त्यानं खांदा दिला.

मग किफच्या शेतकऱ्यांना माफी देणारा हुकूम निघाला. पाठोपाठ परवाने निघाले. औषधासाठी म्हणून, ठरावीक शेतात, सोसायटीमार्फत, आम्ही बापजाद्यांपासून लावत आलो तेच पीक आता लावता येणार होतं. त्याचा अर्ज मी भरला. गावात शाळा एक, मास्तर एक, म्हणून सगळ्यांचेच भरले. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाला, “लिही, काही नाही. हे लोक अनुभव विचारतात तेव्हा नंतर पकडतात.”

परवाना आला. अटींचा कागद मी त्याला दोनदा वाचून दाखवला. पहिल्याच हंगामात कचेरीचा माणूस येऊन उभं पीक मोजणार, नमुना नेणार, मगच विळा लावायचा. मोजणीच्या वेळी मालक हजर नसेल, तर परवाना रद्द. परवाना रद्द म्हणजे तेच शेत पुन्हा गुन्हा आणि मुफद्दल पुन्हा फळ्यावर. त्याला त्या पिकातून फार काही नको होतं. एकदा स्वतःच्या नावाचा माल, भर दुपारी, मोठ्या रस्त्यानं पुलापलीकडे न्यायचा होता. हे तो कुणाला बोलला नव्हता. त्याची बायको तामू बोलली होती, सगळ्यांना.

त्या वर्षी त्यानं शेताची जी सेवा केली, ती आम्ही चेष्टेनं बघत होतो. जूनमध्ये नर रोपं, बियाणापुरती चार सोडून, फुलायच्या आत उपटायची असतात. ती त्यानं आणि तामूनं ओळी वाटून घेऊन तीन वेळा हिंडून उपटली. ऑगस्ट लागताच खालची पिवळी पानं एकेक करून खुडली, म्हणजे बुडाशी वारा खेळतो. शेताच्या कडेनं कच्चा रस्ता जातो. शेंडे चिकट झाले की त्यांवर धूळ बसते आणि मग मालाला कुणी विचारत नाही. म्हणून तो रोज गाढवावरून झऱ्याचं पाणी आणून रस्त्यावर शिंपडायचा. पिकाला पाणी बंद केलं होतं, रस्त्याला चालू.

कोपऱ्यावरच्या घरातली हद्दा म्हणाली, “मुफद्दल, रस्त्याला कोंब फुटले की मला सांग हो!”

“तुझी कोंबडी आधी बांधून ठेव,” तो म्हणाला. “सगळी धूळ तीच उडवते.”

गच्ची त्यानं पांढऱ्या मातीनं नव्यानं लिंपली, वाळवणासाठी. रोज सकाळी एक बी दाताखाली फोडायचा. आतून दुधाळ निघालं की थुंकायचा आणि म्हणायचा, “अजून आठ दिवस.” मग सहा. मग चार. कचेरीतून निरोप होता: गुरुवारी मोजणी.

हद्दाच्या घराबद्दल सांगायला हवं. तिच्या गच्चीवरून नदीपासूनचा सगळा घाट दिसतो. ठाण्याची हिरवी जीप पुलावर दिसली की तिनं कठड्यावर लाल घोंगडी टाकायची, हा गावाचा नेम तिच्या सासूपासूनचा. जीपला चढून यायला सव्वा तास लागतो. तेवढ्या वेळात हाताला लागेल ते पीक कापायचं, ओढ्यात देवदाराच्या फांद्यांखाली घालायचं आणि पुरुषांनी वरच्या रानात जायचं. कच्चं का असेना, निम्मं वाचतं. उभं सापडलं तर पीकही जातं आणि माणूसही.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पुलावर हिरवी जीप दिसली. हद्दानं घोंगडी टाकली.

नंतर ती म्हणाली, “मी कुठं विचार केला? हात आपोआप गेला.” मुफद्दलचाही गेला. तो शेतातच होता, विळा कमरेला. त्यानं घोंगडी पाहिली आणि तामूला हाक मारली. दोघांनी तासाभरात ते सगळं शेत आडवं करून ओढ्यात घातलं. साठीच्या पुढची माणसं. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होतो आणि कबूल करतो, की मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. जीप मशिदीपाशी थांबली, तेव्हा शेतात नुसते खुंट होते, मुफद्दल रानात होता आणि तामू उंबऱ्यावर घेवड्याचं कालवण ढवळत बसली होती.

जीपमधून एक बाई उतरली. तिशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा फोन. गिझलान तिचं नाव. मागून ठाण्याचा ड्रायव्हर.

“सलाम, खाला. मोजणीला आलेय. पीक कुठंय?”

“कसलं पीक?” तामू म्हणाली.

“किफचं.”

“छे गं पोरी. इथं कुठलं किफ? आम्ही बटाटे लावतो.”

“खाला, तुमच्या घरधन्याच्या नावानं परवाना आहे. माझ्याकडे लिहिलंय.”

“लिहिणाऱ्याला विचार. आणि घरधनी म्हणशील, तर तो गेला तिकडे स्पेनला. वर्षं झाली.”

बाईनं खुंटांकडे पाहिलं, मग तामूच्या हातांकडे. किफ कापणाऱ्याचे हात काळे-चिकट होतात आणि दोन दिवस निघत नाहीत. “बटाट्यांनी?” तिनं विचारलं.

एवढ्यात मी तिथं पोचलो. बाईचं ओळखपत्र वाचलं आणि ते तामूला मोठ्यानं वाचून दाखवलं. तामूनं कालवणाचा डाव उलटा धरला होता. तो तिनं हळूच पातेल्यात सोडला. “आज मंगळवार ना?” ती म्हणाली.

मी रानात गेलो. मुफद्दल नेहमीच्या देवदाराखाली बसला होता, बुंध्याला पाठ लावून.

“किती जण आहेत?”

“एक बाई आहे. परवाना कचेरीची. मोजणीला आलीय.”

“निरोप गुरुवारचा होता.”

“पुढं पाऊस सांगितलाय म्हणून दोन दिवस आधी आली.”

“जीप हिरवी होती, मास्तर.”

“त्यांची गाडी बिघडली. ठाण्याची मागून आणली.”

तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. “म्हणजे मी माझंच पीक चोरलं,” तो म्हणाला.

मी एवढंच सांगितलं, की बाई अजून थांबली आहे, पण मालक हजर नाही असं एकदा लिहिलं की संपलं.

“खाली जाऊन काय सांगू?”

“नाव सांग.”

हे मी सहज बोललो. पण या माणसानं सरकारी माणसासमोर तेवीस वर्षांत आपलं नाव उच्चारलं नव्हतं. परवान्याच्या ओळखपत्रासाठीसुद्धा सगळं मीच बोललो होतो. तो मान हलवत होता. तो उठला, बसला, पुन्हा उठला. उतरताना दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा मला वाटलं, हा काही येत नाही. मी मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं मागून पावलं ऐकू आली.

बाईसमोर तो हात बाजूला सोडून उभा राहिला, झडतीला राहतात तसा.

“मुफद्दल वल्द अल्लाल,” तो म्हणाला. “पीक माझं आहे. मी कापलं. ओढ्यात ठेवलंय.”

हद्दा कठड्यावरून ऐकत होती. तिनं तोंडावर हात ठेवला. हे वाक्य आमच्या गावात आजवर कुणी सरकारला सांगितलं नव्हतं. मारलं तरी सांगितलं नव्हतं.

“काका, दोनच दिवस थांबायचं होतं हो,” गिझलानबाई म्हणाली.

“ती जीप मी ओळखतो, बाई. मागच्या काचेला तडा आहे.”

“तो तडा याच गावात पडला,” ड्रायव्हर म्हणाला.

नियम असा होता: मोजणीआधी कापलेला माल घेता येत नाही. तो मालकानं स्वतः, कचेरीच्या माणसासमोर जाळायचा. एक काडी शिल्लक राहता कामा नये. तसं झालं तर परवाना राहतो. बाईनं हे तीनदा समजावलं, जरा घाईघाईनं, जमिनीकडे बघत. मुफद्दलनं आणि तामूनं ओढ्यातून सगळं पुन्हा वर वाहून आणलं. ढीग केला. ड्रायव्हरनं पेट्रोल ओतून काडी लावली. पेट्रोल जळलं. पीक हिरवंच राहिलं.

“ओलं आहे, बाई,” मुफद्दल म्हणाला. “असं नाही जळायचं. नऊ दिवस वाळवावं लागेल.”

बाईनं कुठंसं फोन लावला, बराच वेळ ऐकलं. “मग वाळवा,” ती म्हणाली. “मी दहाव्या दिवशी येते.”

तो पाऊस काही आमच्याकडे आला नाही. त्या नऊ दिवसांबद्दल गावात कुणी चेष्टा केली नाही. मुफद्दलनं नव्यानं लिंपलेल्या गच्चीवर पीक पसरलं, शेंडे एका बाजूला, बुडखे एका बाजूला, मध्ये चालायला वाट. ऊन चढलं की वरून चादरी टाकायच्या, कडक उन्हानं रंग उडतो म्हणून. ऊन उतरलं की काढायच्या. दिवसातून दोनदा उलटायचं, तेही हळू, शेंड्याला हात न लावता. तामू शेजारी बसून काळी पडलेली पानं वेचायची. रस्त्यावर पाणी शिंपडणं चालूच होतं.

हद्दाच एकदा बोलली, पण हलक्या आवाजात. “अरे, जाळायचंच आहे. अंजिरं आहेत का, इतकं जपायला?”

“अर्धवट वाळलं तर अर्धवट जळेल,” तो म्हणाला. “बाईला पुन्हा यावं लागेल.”

तामूनं मान वर केली नाही. सातव्या दिवशी त्यानं एक शेंडा बोटांत चोळला, वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरला. मी ओढणारा नाही, पण इतकं कळतं. असा माल आमच्या डोंगरात मी आजवर पाहिला नव्हता. “चांगला उतरला,” मी म्हणालो. “हो,” तो म्हणाला आणि तो शेंडा त्याच्या जागेवर ठेवून दिला.

दहाव्या दिवशी बाई आली, या वेळी पांढऱ्या गाडीतून. हद्दानं कठड्यावर काहीच टाकलं नाही. दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली. मुफद्दल गच्चीवरून एकेक भारा खाली देत होता. ढीग खळ्यात रचला. काडी त्यानं ओढली, ती विझली. दुसरी विझली. तिसरी तामूनं त्याच्या हातातून घेतली आणि ओढून त्याच्या हातात परत दिली. मग त्यानं लावली. भराभर जळलं, अर्ध्या तासात. धूर कुणाकडे जाईल ते बघून माणसं सरकत नव्हती. उभी होती तिथंच राहिली.

बाईनं अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला: “मंजूर क्षेत्रातील संपूर्ण उत्पादन परवानाधारकाने स्वतः नष्ट केले. चालू हंगामाचे उत्पादन: निरंक. परवानाधारक संपूर्ण वेळ हजर. परवाना कायम. शिल्लक: काही नाही.”

मुफद्दलला वाचता येत नाही. त्यानं मला विचारलं, “हजर कुठं लिहिलंय?” मी शब्दावर बोट ठेवलं. त्यानं तो थोडा वेळ पाहिला आणि खाली सही केली, ओळखपत्रासाठी मी शिकवली होती तशी.

बाई गेल्यावर तामूनं गच्ची झाडली. वाळताना गळलेलं बी दीड पायली भरलं.