सपाट आहे, मग?

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तिने एकतीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटची बारा वर्षं तिथे तिचाच शब्द चालायचा. चादरीवर एक चुणी दिसली की चादर परत फिरायची, मग ती कोणाच्याही खाटेवर जायची असो. एकदा एक मोठे डॉक्टर म्हणाले, "चालतंय हो मावशी, पेशंट काय चादर बघत बसणार आहे?" तिने त्यांच्याच कोटाची बाही चिमटीत धरून विचारलं, "मग हेही चालतंय का?" बाहीवर शाईचा डाग होता. त्या दिवसापासून सगळे तिला कडक मावशी म्हणायला लागले, मागे म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी भाषण करणाऱ्या साहेबांनी संकोचून तिचं खरं नाव घेतलं, तर तिलाच क्षणभर कळेना की हे कोणाबद्दल बोलताहेत.

लॉन्ड्रीत धुवायला मशीन होत्या, पण वाळवायला गच्ची होती. गच्चीवर दोऱ्यांच्या अठरा रांगा आणि त्यांवर ओल्या चादरी. एकतीस वर्षं तिने वाऱ्याशी भांडण केलं म्हणा, नाहीतर संसार केला म्हणा. वारा कधी येतो, कुठून येतो, कोणत्या भिंतीवर आपटून मागे फिरतो, हे तिला जेवढं माहीत होतं तेवढं हवामानखात्याला माहीत नसेल. चिमटे किती लावायचे हे ती गच्चीच्या दारातूनच सांगायची.

तिचा नवरा बसडेपोत मेकॅनिक होता. स्वभावाने अगदी गरीब. दुकानदाराने जास्त पैसे घेतले तरी गुपचूप घरी येणारा. डेपोतल्या धुराने त्याची छाती कामातून गेली होती. चार पायऱ्या चढला की कठडा धरून उभा राहायचा आणि लोकांना वाटू नये म्हणून भिंतीवरची पाटी वाचल्यासारखं करायचा. सपाट रस्त्यावर मात्र हळूहळू चालू शकायचा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसला तो बसलाच. ती ओरडली, रुसली, एक दिवस स्वयंपाक बंद ठेवला. तो खुर्चीतून हसला फक्त.

इस्पितळाच्या मागेच बाग आहे. बाग म्हणजे काय, एक मोठं पटांगण, कडेने पायवाट, एका बाकाशेजारी एकुलतं एक झाड. चार वर्षांपूर्वी तिथे कोणीतरी लोखंडी खांब रोवले. प्रत्येक खांबाला वरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली टोपली. कडक मावशीला आधी वाटलं, हे कपडे वाळत घालायचं काहीतरी नवीन आलं. बघून नाक मुरडलं, "चादर तर राहू दे, यावर टॉवेल वाळणार नाही." मग नातीने समजावलं की याला डिस्क गोल्फ म्हणतात. ठरलेल्या जागेवरून चकती भिरकवायची, जिथे पडेल तिथून पुन्हा भिरकवायची, शेवटी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली पाहिजे. नऊ टोपल्या. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. नातीने दोन चकत्या आणून दिल्या. नात आठवडाभर खेळून कंटाळली, आजी नाही कंटाळली.

आणि तिने एक चांगलं केलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला फेकी मोजता येत नाहीत, मधेच विसरते. तुम्ही वही घेऊन चला." ही बाई अठरा रांगांतल्या चादरी न मोजता सांगायची! पण तो चालला. रोज चार वाजता, तिच्या आधी चपला घालून दारात उभा. एका टोपलीपासून दुसरीपर्यंत, मधे थांबत, वहीत पेन्सिलीने आकडे लिहीत. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही, ताप आला तेवढा सोडून.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बागेच्या ऑफिसात कागद आला. गावाबाहेरच्या टेकडीवर नवं उद्यान झालं होतं आणि नऊच्या नऊ टोपल्या उचलून तिकडे न्यायच्या असं कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं. पण त्याआधी खेळाडूंच्या मंडळाचा परीक्षक येऊन या मैदानाचं परीक्षण लिहिणार होता. मैदान बरं निघालं तर टोपल्या राहतील, नाहीतर टेकडीवर जातील. टेकडीला पायथ्यापासून एकशे वीस पायऱ्या. कडक मावशीने त्या एकदा जाऊन मोजल्या आणि घरी आल्यावर नवऱ्याला काही सांगितलं नाही.

परीक्षक आला तो सकाळी. तिशीतला, अंगाने सडसडीत, पाठीवरच्या पिशवीत वीस-बावीस चकत्या. पावणेदहाला सुरू करून साडेदहाच्या आत नऊही टोपल्या संपवल्या आणि ऑफिसात बसून फॉर्म भरला. क्लार्कने कडक मावशीला बोलावून घेतलं, कारण फॉर्मवर नियमित खेळणाऱ्या एकाची सही लागत होती.

"इथे करा, मावशी. खालच्या ओळीत."

एकतीस वर्षांत न वाचता तिने एका कागदावर सही केली नव्हती. तिने चष्मा लावला. झाडी, शून्य. चढउतार, शून्य. पाणी, शून्य. सावली, एक.

"ही एक कुठली?"

"बाकाजवळचं झाड," परीक्षक म्हणाला.

"बरं." ती शेऱ्यापाशी आली. 'सपाट, उघडं मैदान. आव्हान नाही. पुन्हा येण्यासारखं काही नाही.' तिने ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"सपाट आहे, मग?"

"मग म्हणजे... काकू, खेळात अडचण हवी ना. झाडं हवीत, उतार हवा. इथे टोपली समोर दिसते, फेकली की गेली. चोवीस फेकींत संपलं माझं."

"पावणेदहाला आलात. त्या वेळी वारा झोपलेला असतो. चारला येऊन खेळा."

"वाऱ्याला फॉर्ममध्ये रकाना नाहीये."

"मग तुमचा फॉर्म अर्धवट आहे. अर्धवट कागदावर मी सही करत नाही."

परीक्षक हसला. लोक हसतात तेव्हा कडक मावशी जास्त शांत होते, हे लॉन्ड्रीतल्या कोणालाही विचारा. क्लार्कला ते ठाऊक असावं, कारण तो घाईघाईने मधे पडला. माणूस वाईट नव्हता. रोज खिडकीतून या दोघांना बघायचा.

"साहेब, असं करू या का? यांचे मिस्टर आजारी असतात. छातीचा त्रास आहे, चढ चालत नाही. त्यांचं रोजचं चालणं इथेच होतं. तसं काही लिहिता येईल का?"

"येईल की!" परीक्षकाला सुटल्यासारखं वाटलं. "आजारी आणि वयस्कर लोकांसाठी सोयीचं, असं लिहितो. त्याचे पाच-सहा मार्क वाढतील. कदाचित वाचेलही मैदान."

तिच्यासोबत आलेला नवरा दाराशीच उभा होता. त्याने मान खाली घातली आणि चपलेच्या टोकाने फरशीवरचा नसलेला खडा सरकवला.

 खोटं कशाला सांगायचं, कडक मावशीला भीती वाटत होती. टोपल्या गेल्या की हा माणूस पुन्हा खुर्चीत बसेल आणि या खेपेला उठणार नाही, हे ती आठ दिवस मनात घेऊन फिरत होती. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण नवऱ्याची ती खाली गेलेली मान तिने पाहिली, आणि तिचं डोकं सणकलं.

"यांच्या छातीचं नाव या कागदावर आलं, तर कागद फाडून टाकेन," ती म्हणाली. "आम्ही इथे खेळायला येतो, औषध घ्यायला नाही. मैदान चांगलं आहे म्हणून राहील. आमची कीव करून ठेवायचं असेल, तर आत्ताच उपटून न्या सगळ्या टोपल्या. मी स्वतः खांब धरू लागते."

"मावशी, अहो, आयती संधी चाललीय..." क्लार्क कळवळून म्हणाला.

"चार वाजता," ती परीक्षकाला म्हणाली. "माझ्यासोबत खेळा. मग जे लिहाल त्यावर सही करते. शिव्या लिहिल्यात तरी करते."

त्याला बिनसहीचा फॉर्म नेऊन उपयोग नव्हता. शिवाय साठीच्या बाईने आव्हान दिल्यावर पळून कसं जाणार? तो थांबला.

चारला पाच मिनिटं असताना इस्पितळ आणि शेजारच्या उंच इमारतीच्या फटीतून वारा सुटला, अगदी ड्युटीवर आल्यासारखा. परीक्षकाने पहिली चकती उंच, झोकदार भिरकावली. दिसायला फार सुरेख. ती वर गेली, वर जाऊन घुटमळली आणि मागे फिरून त्याच्याच डाव्या अंगाला वीस पावलांवर येऊन पडली. कडक मावशीने गुडघ्याच्या उंचीवरून, जमिनीला समांतर, मोरीत पाणी ओतल्यासारखी सरळ चकती सोडली. लांब गेली नाही, पण जिथे जायची तिथे गेली.

दुसऱ्या टोपलीला त्याने जड चकती काढली, तिसरीला त्याहून जड. चौथीला त्याने पिशवी खाली ठेवून गवत उपटून हवेत सोडून पाहिलं. "इथे नका बघू," ती म्हणाली. "वारा पुढे त्या भिंतीवर आपटतो आणि उलटा फिरतो. इथलं गवत तुम्हाला फसवेल." त्याने ऐकलं नाही. गवताने फसवलं.

सहाव्या टोपलीला त्याची चकती साखळ्यांवर खणकन आपटली. तो खुश झाला, तेवढ्यात झोताने साखळ्या हलल्या आणि चकती बाहेर घरंगळली. त्याने चालता चालता ती उचलून हाताने टोपलीत ठेवली. आठव्याला चकती पडली, कडेवर उभी राहिली आणि चाकासारखी गडगडत पायवाटेपलीकडे गेली. पायवाट ओलांडली की एक फेक दंड, हे त्यानेच सकाळी क्लार्कला समजावून सांगितलं होतं. त्याने चकती उचलून आणली आणि पुढे खेळला. आता तो हसत नव्हता. ओठ घट्ट मिटून एकेका फेकीचा विचार करत होता, आणि खेळाडू असा दिसतो हे कडक मावशीला पहिल्यांदाच पटलं.

नवरा मागून येत होता. थांबत, श्वास घेत, वहीत लिहीत. 

नववी टोपली संपली. परीक्षक तिथेच गवतावर बसला, मांडीवर फॉर्म घेतला आणि बराच वेळ पेन नुसतं फिरवत राहिला. क्लार्कही ऑफिस सोडून आला होता. हे परीक्षण खेळाडूंच्या मंडळातले सगळे वाचणार, परीक्षकाच्या हाताखाली शिकणारी मुलं वाचणार. शेवटी त्याने 'आव्हान नाही' वर काट मारली. पुढचं वाक्यही खोडलं. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"सपाट, उघडं मैदान. वारा हीच इथली अडचण आणि ती झाडांपेक्षा अवघड आहे. परीक्षकाला सकाळी चोवीस फेकी लागल्या, दुपारी चौतीस."

 कडक मावशीने आठ दिवस आवळून धरलेलं काहीतरी आत सैल झालं. एवढं लिहायलाही छाती लागते, हे तिला कळत होतं. तिने कागद घेतला आणि पेनासाठी हात पुढे केला.

"छत्तीस," मागून आवाज आला.

नवरा नवव्या खांबाला हात टेकून उभा होता. धाप लागली होती, पण तो कसलीही पाटी वाचत नव्हता, सरळ परीक्षकाकडे बघत होता.

"सहाव्याला बाहेर पडलेली हाताने ठेवलीत, ती एक. आठव्याला पायवाट ओलांडली, ती एक." तो श्वास घ्यायला थांबला. सगळे थांबले. "छत्तीस झाल्या."

"काका, राहू द्या ना," क्लार्क कुजबुजला. "एवढं चांगलं लिहिलंय त्यांनी. चिडले तर परत खोडतील."

"खोडू देत," नवरा म्हणाला. "मी मोजलंय."

कडक मावशीने पुढे केलेला हात मागे घेतला आणि कागद परीक्षकाच्या मांडीवर परत ठेवला. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहिलं असतं तर डोळ्यांना पाणी आलं असतं आणि ते तिला या लोकांसमोर नको होतं.

परीक्षकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने वही मागितली. नवऱ्याने दिली. त्याने ओळीवर बोट ठेवून एकेक आकडा पाहिला, सहाव्याला थांबला, आठव्याला थांबला. मग वही मिटून दोन्ही हातांनी परत केली, चौतीस खोडलं आणि त्यावर छत्तीस लिहिलं.

"आणि यांच्या?" त्याने विचारलं.

"तेहेतीस," नवरा म्हणाला.

त्याने तेही लिहिलं. कडक मावशीने चष्मा लावला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं पुन्हा वाचलं आणि सही केली.