एकदाही बंद न पडलेली गाडी

भावोजींना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ते गेल्यानंतर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, परवा म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं शेजारी होतात, त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून द्या." मी मान हलवली. घरी येऊन कागद पुढे ओढला आणि लक्षात आलं, की त्यांना कुठलं गाणं आवडायचं, लहानपणी ते कुठे वाढले, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ती त्यांची गाडी. तेव्हा गाडीबद्दलच लिहितो. त्यातून माणूस थोडाफार दिसला तर दिसला.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जागा कमी आहे. गाड्या एकापुढे एक लावाव्या लागतात. भिंतीकडची जागा त्यांची आणि तिच्यापुढची माझी, त्यामुळे माझी गाडी हलल्याशिवाय त्यांची निघत नसे. शिवाय त्यांच्या बाजूचा खांब इतका चिकटून होता की चालकाचं दार उघडायचंच नाही. भावोजी दुसऱ्या बाजूने आत शिरत आणि सीटवरून सरकत सरकत स्टिअरिंगपर्यंत पोचत. उंच माणूस, पाय दुमडून, डोकं छताला लागू नये म्हणून मान तिरकी करून. मी रोज सकाळी हे बघायचो. त्यांनी दाराची घंटा वाजवायची, मी किल्ली घेऊन खाली जायचं, गाडी काढायची, हाच आमचा शेजारधर्म.

ते माझे भावोजी नव्हेत हे सांगायला नको. वरच्या मजल्यावर राहणारा त्यांचा मेहुणा गॅलरीतून "भावोजी" अशी हाक मारायचा, आणि इतक्यांदा मारायचा, की पहारेकरी, पोस्टमन, दूधवाला सगळेच त्यांना भावोजी म्हणू लागले. मी वयाने मोठा असून मीही म्हणू लागलो.

चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात ते मागच्या खोलीत काम करायचे. काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या आणि बसवायच्या. नखांत कायम पांढरी भुकटी. समोर कोणी आलं की ते आधी माणसाचा चष्मा बघत आणि मग माणूस. घर सासूबाईंचं होतं. सासरे गेल्यावर सोबत म्हणून थोडे दिवस राहायला आले ते राहिलेच. थोडे दिवस कधी संपले हे कोणी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

गाडी म्हणजे करड्या रंगाची चार दारांची सेडान, मागे मोठी डिकी. त्या काळात आमच्या भागात पुष्कळजण तेच मॉडेल घ्यायच्या विचारात होते, आणि ज्याला त्याला लोक भावोजींकडे पाठवायचे. माझ्या गाडीचं बॉनेट उघडून मी बहुधा तिथेच खटपट करत असल्यामुळे ही सगळी चौकशी माझ्या कानावर पडे. भावोजी साक्ष दिल्यासारखे उभे राहून सांगायचे. चढावर दम लागत नाही. पाच माणसं, सामान आणि एसी, सगळं एकदम पेलते. ब्रेक चारी चाकांना सारखे लागतात. तेल वेळेवर बदला, मग तिच्याकडे बघायला नको. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याचे गुडघे वर येतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

एकाने विचारलं, "काहीतरी दोष असेलच की."

"बंद पडत नाही," भावोजी म्हणाले.

तो माणूस हसला आणि त्याच आठवड्यात गाडी नोंदवून आला. मीही हसलो होतो.

माझी गाडी त्या मानाने लहरी. चालू झाली तर झाली. पण तिचा एक फायदा मला उशिरा कळला. मला कोणी कधी 'जरा सोडता का' म्हणून विचारलं नाही. नातेवाईक तिची चौकशी आजारी माणसासारखी करायचे आणि जायचं तिथे आपापले जायचे. भावोजी एकदा माझ्या उघड्या बॉनेटमध्ये डोकावून म्हणाले, "तुमचं बरं आहे." मला वाटलं, चेष्टा करतायत.

त्यांच्या गाडीला सुट्टी नव्हती. सासूबाईंचे गुडघ्याचे व्यायाम, मेहुण्याच्या सासरच्यांना स्टेशनवर सोडणं, भाचीचा पोहण्याचा वर्ग, कोणाच्या तरी भेटीला कोणीतरी. गाडी आहे, चांगली आहे, उभीच तर आहे. मेहुणा धट्टाकट्टा, पण गाडी शिकला नाही. विचारलं तर म्हणायचा, "भावोजी असताना मी कशाला शिकू? एका घरात दोन ड्रायव्हर ठेवून काय करायचंय?" वहिनीही शिकल्या नाहीत. संध्याकाळी सगळ्यांना उतरवून भावोजी गाडी आत लावत आणि काचा वर करून बराच वेळ तिथेच बसून राहत. एकदा मी काचेवर टकटक केली. म्हणाले, रेडिओ ऐकत होतो. रेडिओ बंद होता. मी पुढे काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही.

एका शनिवारी संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि दहा नंबरचा पाना आहे का म्हणाले. माझ्याकडे सगळे पाने होते, माझ्या गाडीच्या कृपेने. पण त्यांना पाना लागावा याचंच नवल वाटलं. बॅटरीची वायर सैल करायची आहे, म्हणाले. मग आत आले, बसले नाहीत, आणि चपलांच्या मांडणीकडे बघत सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांच्याबरोबर काम शिकलेला एक मित्र होता. समुद्राकाठच्या एका गावात त्याचं स्वतःचं चष्म्याचं छोटं दुकान, वर दोन खोल्या. तो आता मुलीकडे राहायला जाणार होता आणि दुकान भावोजींनी चालवावं अशी त्याची इच्छा होती. उद्या, रविवारी, येऊन जागा बघायची आणि हो म्हणायचं. नाही आले तर तो दुसऱ्या एकाला शब्द देणार होता.

"वहिनींना सांगितलंत?" मी विचारलं.

"ठरलं की सांगणार. आधी सांगितलं तर सगळे बघायला येतील. आईंना जिना चढवेल का, मेहुण्याला समुद्राची हवा सोसेल का, हे सगळं निघेल. मग होत नाही."

म्हणून त्यांना बसने एकट्याने जायचं होतं. आणि गाडी चालू असताना बसने जातो म्हणणं आमच्या इमारतीत वेडेपणाचं लक्षण ठरलं असतं. मी म्हटलं, गाडी बिघडली असं नुसतं सांगा ना, वायर कशाला काढताय? तर म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही. ती खरंच बंद असली, तर बंद आहे असं म्हणता येईल."

मी पाना दिला.

रविवारी सकाळी मी खाली गेलो तेव्हा मंडळी जमली होती. कोणा मावशींकडे जायचा बेत ठरला होता म्हणे. भावोजी आत सरकून बसले होते, किल्ली फिरवत होते आणि गाडीतून काही आवाज येत नव्हता. मेहुण्याचा विश्वासच बसेना. सासूबाई काठी टेकून गाडीकडे अशा बघत होत्या, की जणू घरातल्या कोणीतरी उलट उत्तर दिलं. वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे चहाचे कप घेऊनच खाली आले. त्यांना थोडा आनंदही झाला असावा.

भावोजी बाहेर आले आणि म्हणाले, राहू दे, उद्या बघू, मी तोवर बसने एका मित्राकडे जाऊन येतो. खांद्याला पिशवी होती. आवाज अगदी साधा काढला होता. मला वाटलं, जमलं.

पण मेहुण्याने तेवढ्यात माझ्या मेकॅनिकला फोन केला होता. हा मेकॅनिक मागच्याच गल्लीत राहायचा आणि माझ्यामुळे सगळ्या इमारतीला पाठ होता. तो आला, बॉनेट उघडलं, हाताने वायर दाबली, पान्याने एक पीळ दिला, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

"वायर निसटली होती फक्त," तो म्हणाला. "भावोजी, हिला काही होत नसतं. ह्यांच्या गाडीत असं झालं असतं तर मला इथेच गादी टाकावी लागली असती."

सगळे माझ्याकडे बघून हसले. भावोजींची पिशवी मेहुण्याने केव्हाच डिकीत टाकली होती. कुठला मित्र, कुठे राहतो, असं विचारता विचारता समुद्राचं नाव निघालं आणि मावशींचा बेत रद्द झाला. आईला हवापालट होईल, मेहुणा म्हणाला. त्याची बायको माहेरी गेली होती, तेव्हा एक जागा रिकामी होती. सासूबाई मला म्हणाल्या, "तुम्हीही चला. तुमची गाडी तर कुठे जात नाही." मला नाही म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मला मागच्या सीटवर मध्ये बसवलं गेलं. गुडघे खरोखरच वर येतात.

गाडी फार सुंदर चालली. चढ आला, तिला कळलाही नाही. काचा बंद, आत गार हवा, सासूबाई पुढे मांडीवर पर्स घेऊन, इकडे मेहुणा, तिकडे वहिनी. सासूबाई वळणं सांगत होत्या, रस्ता माहीत नसूनही. मेहुणा गाडीचं कौतुक करत होता. मित्राबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही. मला आरशात भावोजींचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते रस्त्यावर होते. आतून माझा जीव गुदमरल्यासारखा झाला होता, पण काच खाली करा म्हणायचं मला सुचलं नाही.

गावात शिरल्यावर एका बाजूला समुद्र लागला आणि दुसऱ्या बाजूला दुकानांची ओळ. भावोजींनी वेग कमी केला आणि एका दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, गाडी थांबवली. काचेवर मोठा चष्मा रंगवला होता. वरच्या खोलीची खिडकी उघडी होती. पायरीवर एक टक्कल पडलेला माणूस उभा राहून बसथांब्याकडे बघत होता. घड्याळ बघायचा, पुन्हा थांब्याकडे बघायचा. एकदा त्याने आमच्या गाडीकडेही पाहिलं, आणि नजर तशीच पुढे नेली. पाच माणसांनी भरलेल्या गाडीतून आपला मित्र येईल असं त्याला वाटलं नसावं.

भावोजींचा एक हात दाराच्या कडीवर होता. इंजिन चालू होतं.

"इथे का थांबलो?" सासूबाईंनी विचारलं. "वाळू पुढे आहे."

"चष्म्याचं दुकान दिसलं की भावोजींचा पाय आपोआप ब्रेकवर जातो," मेहुणा म्हणाला आणि स्वतःच हसला.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी दुकान पाहिलं, पायरीवरचा माणूस पाहिला, मग नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला उतरायचंय का? उतरा की. आम्ही थांबतो."

मला अजून वाटतं, की त्यांनी मनापासूनच विचारलं होतं. तेवढ्यात थांब्यावर एक बस आली. पायरीवरचा माणूस दोन पावलं पुढे आला, उतरणाऱ्यांची तोंडं बघत राहिला आणि बस गेल्यावर मागे फिरला.

"नको," भावोजी म्हणाले. "सगळे खोळंबतील."

आणि त्यांनी कडीवरचा हात काढून गिअर टाकला.

पाना त्यांनी काही आठवड्यांनी परत आणून दिला, पुसून, कागदात गुंडाळून. मी दुकानाचं विचारलं. म्हणाले, दिलं त्याने दुसऱ्याला. पुन्हा बोलून बघा, मी म्हटलं. बोललो होतो, ते म्हणाले. मित्राचं म्हणणं, यायचं असतं तर आला असतास, बस तर वेळेवर आली होती. "खरं आहे त्याचं," असं म्हणून ते कामावर जायला निघाले.

वहिनींना त्या दिवशी काय कळलं होतं, हे मी त्यांना विचारलेलं नाही. आता हे वाचून त्यांना काय वाटेल, तेही मला सांगता येत नाही. लिहू नये असं दोनदा वाटलं. पण मला भावोजींबद्दल दुसरं काही माहीत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. गाडीचा रंग छतावर उडाला, सीटची कापडं बदलली, इंजिन तसंच राहिलं. जुनी गाडी घ्यावी का, असं विचारायला आता तरुण मुलं यायची आणि भावोजी त्यांना तीच उत्तरं त्याच क्रमाने द्यायचे.

मागच्या महिन्यात एका दुपारी माझी घंटा वाजली. मी खाली गेलो तेव्हा घरची मंडळी फाटकाशी उभी होती, सासूबाईसुद्धा. मी गाडी पुढे घेतली. ती त्या दिवशी मुकाट्याने चालू झाली. भावोजी नेहमीसारखे दुसऱ्या बाजूने आत शिरले, पण अर्ध्या वाटेत थांबून श्वास घेतला. गाडी फाटकापर्यंत आणली, सगळे बसले. मी काचेशी गेलो. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आज डॉक्टरांना कोणाला दाखवायचंय?" मी विचारलं.

"मलाच. सकाळपासून छाती जरा भरून आल्यासारखी वाटतेय."

"मग तुम्ही कशाला चालवताय?"

"जवळच तर आहे."

मी येऊ का म्हटलं. त्यांनी मागे वळून बघितलं. "बसाल कुठे?" म्हणाले. मग माझ्या गाडीकडे बोट केलं. "तुमचा मागचा डावा दिवा लागत नाहीये. दाखवून घ्या."

"घेतो उद्या," मी म्हटलं.