नव्याकोऱ्या फिल्टरची काळजी

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या अच्युतकाका दामल्यांनी रिटायर झाल्यावर कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला, तोही भिंतीतच व्हॅक्यूम क्लीनर बसवलेला. नळी भोकात खोचली की झालं! पण पहिल्याच ट्रिपला मशीन नुसतंच घोंघावू लागलं. खाली सांडलेल्या चिवड्यातला एक चुरमुरा उचलेल तर शपथ.

काकांचं डोकं फिरलं. "जन्म गेला माझा इंजिनिअरिंगमध्ये, मला मॅन्युअल कसलं दाखवतेस?" असं सुलेखाकाकूंवर खेकसून त्यांनी नळी झटकली, पाइपात वायर घातली, सगळे जोड उघडून पाहिले. कुठेच काही अडकलेलं नव्हतं. मग त्यांनी कंपनीच्या नावाने यथेच्छ शंख केला.

कंटाळून काकू ट्रेलरमधल्या नव्या सोफ्यावरून उठल्या, तसं सोफ्याचं प्लास्टिक चरचरलं. काकांनी ते अजून काढू दिलं नव्हतं. काकू थबकल्या. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं आणि काकांनी स्वतःच्या हाताने बसवलेला नवा फिल्टर बाहेर काढला. तो आपल्या पिशवीत सीलबंद!

"अहो, ह्याचं प्लास्टिक नाही काढलंत?"

"मुद्दामच ठेवलंय," काका गुरकावले. "फिल्टर मळला असता ना!"