मातीत पुरलेली सुगडं

लग्न होऊन माहेरच्या केम गावाहून सोलापुरात आले तेव्हा सासरच्या परसात काय होतं? धूळ, दगड आणि एक वाकडी बोर. जागा मात्र ऐसपैस. मामंजींचं सात रस्ता चौकाजवळ पेंडीचं दुकान. परसात शहाबादी फरशी घालून पोती रचायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी नवी सून, पण तोंडाची फटकळ. म्हटलं, फरशी घालू नका, इथं मी भाजी लावते. मामंजी हसले. अक्षय्यतृतीयेला या परसातली भाजी माझ्या ताटात पडली तर फरशी दुकानात नेतो, म्हणाले. नाहीतर दुसऱ्या दिवशी गवंडी येणार.

हरायचं मला ठाऊकच नव्हतं. पण पाणी? गल्लीत एकच नळ, त्याची धार करंगळीएवढी. नळाचं पाणी परसाला मिळायचं नाही, हा सासूबाईंचा हुकूम. डाळ-भाजी धुतलेलं हवं तर ने, म्हणाल्या. तेवढं तर ती माती एका घोटात पिऊन टाकायची. केमला माझ्या वडिलांनी लिंबोणीच्या रोपाशी जुनं मडकं पुरलेलं मी पाहिलं होतं. त्यातलं पाणी आतल्या आत पाझरतं आणि थेट मुळाला मिळतं. पण एवढी मडकी आणायची कुठून?

तेव्हा संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा अजून चालू होती. सवाष्णींनी एकमेकींना वाण दिलेली मातीची सुगडं घरोघर कोनाड्यांत पडून होती. मी पदर खोचला आणि गल्लीभर फिरून ती गोळा केली. आळ्यात दोडक्याचं बी टोचलं, प्रत्येक आळ्यात सुगडं गळ्यापर्यंत पुरली आणि वर खापराचे तुकडे झाकले.

सासूबाईंनी ते पाहिलं मात्र, त्यांचा पारा चढला. रागावल्या की त्या मराठी सोडून कानडीत शिरायच्या. त्या दिवशी दोन्ही भाषा पुरल्या नाहीत. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपल्यात माणूस गेलं की पुरतात गं. सवाष्णीचं वाण कोण पुरतं?"

पण एकही सुगड मी उकरलं नाही. त्यांनी स्वतःचं सुगड तेवढं उकरून काढलं आणि फडताळात नेऊन ठेवलं.

रोज सकाळी मी सुगडं भरायची. संध्याकाळी ती रिकामी, आणि मुळाशी माती ओली. वेल चढवायला शेजारच्या तेलुगू विणकरांनी तुटकं सूत दिलं. गल्लीतल्या बाया येताजाता विचारायच्या, काय गं, सुगडाला कोंब फुटले का? चैत्रात पिवळी फुलं आली नि मी हुरळले. ती सगळी गळून पडली. त्याच आठवड्यात गाडीतून फरशी आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बोरीआड जाऊन मी पोटभर रडले आणि डोळे पुसून पुन्हा सुगडं भरली.

पुढच्या फुलांनी धरलं! पानाआड बोटाएवढा दोडका दिसला तेव्हा मी आनंदानं ओरडलेच. मग एकामागून एक लागत गेले. अक्षय्यतृतीयेला बाजारात भाजी म्हणजे नुसता वाळका पाला, आणि मी सूपभर कोवळे दोडके घेऊन स्वयंपाकघरात शिरले. राणीसारखी शिरले, खोटं कशाला बोलू! मामंजींनी दोनदा भाजी मागून घेतली आणि हात धुताधुता गड्याला सांगितलं, फरशी दुकानात ने. ज्या बाया हसल्या होत्या त्याच संध्याकाळी बी मागायला आल्या. बी दिलं, पण आधी त्यांचे टोमणे त्यांना एकेक करून ऐकवले.

सासूबाईंनी मात्र जेवताना दोडका चांगला की वाईट, काही सांगितलं नाही.

पुढच्या संक्रांतीला मी नवी आळी करत बसले होते. सासूबाई आल्या. हातात दोन सुगडं होती, या वर्षीचं आणि फडताळातलं जुनं.

"दाराजवळच्या वेलाला गेल्या साली पाणी कमी पडत होतं," त्या म्हणाल्या. "ही तिथं घाल."

म्हणजे वर्षभर त्यांचं लक्ष होतं की! जिभेवर आलेला टोमणा मी गिळला आणि उठले. तोवर त्या दाराजवळ बसून, हातातल्या बांगड्या मागे सारून, स्वतःच खड्डा उकरायला लागल्या होत्या.