अर्ध्यावर थांबलेल्या पेन्सिलीच्या खुणा

बडनेऱ्याजवळच्या आमच्या पाऊण एकराच्या मळ्यात मेथी-पालक भरपूर व्हायचा, पण बाजारात न्यायला हात कमी पडायचे. बाबांची कंबर धरली आणि आठवीतली ताई शाळा सोडून घरी बसली. मधला दादा आणि शेंडेफळ मी, आमची शाळा चालूच राहिली. थोरलीनं राबायचं, धाकट्यांनी शिकायचं, असं कोणी ठरवलं नव्हतं. पण झालं तसंच.

घरात पुस्तकं वरून खाली यायची. ताईचं आठवीचं गणित दादाकडून माझ्याकडे आलं. अर्ध्यापर्यंत समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा, पुढची पानं कोरी. दादानं पुस्तकाला कधी त्रास दिलाच नव्हता!

कोऱ्या पानांशी मी अडले. मग संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधताना ताईला धडा मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. ती सुतळी गुंडाळत विचारायची, "पण असं काहून?" तिला सांगायचं म्हणून मला आधी समजून घ्यावं लागे. माझी सगळी हुशारी त्या 'काहून'वर उभी आहे, हे छाती ठोकून सांगते.

मी अमरावतीला बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर. अकोल्याला नोकरी लागली. पहिल्याच सुट्टीत ताईसाठी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म घेऊन आले.

"बाप्पा! या वयात? लोक हासतीन मले."

"हासू दे. उरलेलं अर्धं पुस्तक कोण सोडवीन?"

"अन् जुड्या?"

"मी बांधतो ना," दादा म्हणाला.

"तू? तुले मेथी अन् गाजरगवत एकच वाटते!"

सही मात्र केली.

गणिताच्या पेपरला मी रजा काढून घरी आले होते; पेपरवरून ती रडवेली होऊन आली. सवयीनं तिनं पुरवण्या जुडीसारख्या गच्च बांधल्या होत्या. एक पुरवणी उलटी लागली म्हणून वर्गावरच्या मॅडम सोडायला गेल्या, तर गाठ सुटेना, दोरा कापावा लागला.

"पेपर बाद करतीन का वं?"

"गाठीचे मार्क नसतात, ताई," मी म्हटलं खरं, पण मग गुपचूप बोर्डाचे नियम वाचून काढले.

निकाल मी अकोल्यात, ऑफिसच्या जिन्यात मोबाइलवर पाहिला आणि तिथूनच फोनवर ओरडले. पलीकडे दादा माझ्याहून मोठ्यानं ओरडला.

ताई दहावी पास झाली. गणितात तिला एक्क्याऐंशी. मला एकोणऐंशी होते.