ज्वारीत टांगलेल्या अकरा सीड्या

अणदूरच्या बसस्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मधली पत्र्याची भिंत सोडली की पलीकडं श्रीशैलचं गेमचं दुकान होतं. नऊ वर्षं त्या पत्र्यातून गोळीबार, गाड्यांचे ब्रेक आणि क्रिकेटचा गलका ऐकत मी लोकांचे फोन उघडले. तेव्हा वैताग यायचा. आता तिकडून काहीच ऐकू येत नाही, तर त्याचा जास्त वैताग येतो.

श्रीशैलचा बाप लवकर गेला. घरी आई उमाबाई, त्याची अव्वा, आणि तीन एकर कोरडवाहू. शेत तिनं बघायचं, दुकान यानं. माणूस कष्टाळू, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. त्याच्या जुन्या मशीनची सीडी वाचणारी काच आमच्याकडच्या फुफाट्यानं सारखी खराब व्हायची. शेवटी सोलापूरच्या एका कारागिरानं त्यात मोठी हार्ड डिस्क बसवून दिली. सीडी एकदा घालायची, गेम आत उतरवून घ्यायचा, की झालं. मशीन घरघरत नाही, गेम पटकन सुरू होतो, सीडीचं नाव काढायला नको. श्रीशैलला हे इतकं पटलं की उतरवून झालेली प्रत्येक सीडी तो आईला देऊन टाकायचा. उमाबाई मधल्या भोकातून सुतळी ओवून ती ज्वारीत टांगायची. उन्हात सीडी चमकली की पाखरं कणसावर बसत नाहीत. असं गावात बरेच जण करतात, पण उमाबाईएवढ्या सीड्या कुणाकडंच नव्हत्या, आणि ती हे चारचौघींत सांगायची.

पुढं सगळ्यांच्या हातात फोन आले आणि पोरं कट्ट्यावर बसून फुकट खेळायला लागली. दुकान ओस पडलं. पुण्यात चुलतभावानं गोदामात नोकरी बघून ठेवली होती, पण आईला एकटीला टाकून जाणं श्रीशैलच्या जिवावर आलं होतं. त्यानं जुनं मशीन विकलं, जवळचं होतं नव्हतं ते घातलं आणि नव्या जातीचं एक वापरलेलं मशीन आणलं. सोबत अकरा सीड्या. खंडोबाच्या यात्रेला गावोगावची तरणी मंडळी येतात. तेव्हा दुकानाचं नाव झालं तर राहायचं, नाहीतर पुणं, असं त्यानं मला सरळ सांगितलं.

यात्रेच्या तीन आठवडे आधी त्यानं सगळे गेम आत उतरवले. पडद्यावर अकरा चित्रं ओळीनं आली, ती मला बोलावून दाखवली. एखादा चालवून तरी बघ, असं मी म्हणालो.

"मुहूर्ताआधी चालवायचं न्हाय," तो म्हणाला. "अव्वा नारळ फोडंल, मगच."

नारळ फुटल्याशिवाय नव्या मोटारसायकलला किक न मारणारी आमची माणसं. मी आपल्या कामाला लागलो. त्याच दिवशी सीड्या उमाबाईच्या हवाली झाल्या. ज्वारी दाण्यात आली होती.

यात्रेच्या पहिल्या दिवशी सकाळीच दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उमाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसून नारळ फोडला, मशीनला भंडारा लावला. श्रीशैलनं क्रिकेटचा गेम निवडला. पडद्यावर अक्षरं आली, सीडी घाला. त्यानं दुसरा निवडला, तिसरा निवडला, अकराही करून बघितले. गेम सगळा आत होता, पण या नव्या जातीच्या मशीनला तो सुरू करताना सीडी दाखवावीच लागते. तहसीलच्या खिडकीवर झेरॉक्स चालत नाही, मूळ कागद आणा म्हणतात, तसला प्रकार. खरंच सांगतो, मलाही हे ठाऊक नव्हतं.

आलोच म्हणून श्रीशैल माझी गाडी घेऊन शेतात पळाला आणि सीड्या सोडवून आणल्या. तीन आठवडे त्या वाऱ्यावर ज्वारीच्या ताटांना घासल्या होत्या. दव पडलं, ऊन लागलं. मी माझ्याकडच्या औषधानं एकेक पुसून दिली. मशीन प्रत्येक सीडी आत घ्यायचं, थोडं कुरकुरायचं आणि बाहेर ढकलायचं. एक गेम सुरू झाला आणि दुसऱ्या षटकात अडकला. पोरं हसत, टोमणे मारत पाळण्याकडं निघून गेली.

नारळ फोडून उमाबाई लगेच देवळात प्रसाद वाटायला गेली होती. परत आली तर दुकान रिकामं. काय झालं, असं तिनं मला विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात श्रीशैलनं माझं मनगट दाबलं.

"मशीन बिघडलं, अव्वा. पार्ट आला की चालू करू. तवर पुन्याला जाऊन येतो."

सांजेला तो पुन्हा शेतात गेला आणि अकराही सीड्या जागच्या जागी बांधून आला. नंतर मला म्हणाला, "तिनं टांगल्या म्हनून झालं असं तिला कळलं, तर तिच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय." मला त्याचा राग आला. वेडेपणा याचा, तो झाकायचा मी. पण तिला सांगायचं नाही अशी त्यानं शपथ घातली होती.

यात्रा उठली आणि तो गेला. पुण्यातूनच मला फोन करून मशीन विकायला लावलं. मी ते रात्री नाही, भर दुपारी, उमाबाई शेतात असताना पोत्यात घालून बाहेर काढलं. आज दीड वर्ष झालं. बाजाराच्या दिवशी उमाबाई माझ्या दुकानाची पायरी चढते, पार्ट आला का म्हणून विचारते, आणि मी अजून नाही म्हणतो. मागच्या बाजाराला ती जरा बसली.

"व्यंकट, लई म्हाग हाय व्हय रं त्यो पार्ट? आवंदा पाखरानं दानाबी उचलला न्हाय. ज्वारी इकते की म्या."

मला तिच्याकडं बघवेना. मी म्हणालो, काकू, तो पार्ट आता कुठंच मिळत नाही, कंपनीनं बनवायचाच बंद केला.

 ती पिशवी उचलत म्हणाली, "असू दे. फुडच्या बाजारी इचारते."